वीस-पंचवीस एपी सांभाळायचे असतील तर आधी गट पाडा

शाळा-कॉलेज, वसतिगृह, छोटं इस्पितळ, मोठं मंगल कार्यालय अशा ठिकाणी वायफायची जबाबदारी नेटवर्किंग शिकलेल्या माणसाकडे क्वचितच येते. ती येते संगणक प्रयोगशाळेच्या सहायकाकडे, ग्रंथालयातल्या लिपिकाकडे, किंवा ज्याला 'कॉम्प्युटरमधलं कळतं' अशा कुणाकडेही. नागपुरात एका शिक्षणसंस्थेत मी हेच काम करते. कॉलेज, ग्रंथालय, कार्यालय आणि मुलींचं वसतिगृह या सगळ्या इमारतींतले एपी, म्हणजे छताला किंवा भिंतीला लावलेले वायफायचे डबे, माझ्याकडे आहेत. ज्यांच्या हाती हे काम नव्याने आलं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरात एकच राउटर असेल तर यातलं तुम्हाला फारसं काही लागणार नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा: सेटिंग गटाला द्यायचं, एपीला नाही. एपीकडे स्वतःचं फक्त नाव आणि जागा असावी. पासवर्ड, नेटवर्कची नावं, चॅनेल, पॉवर, वेगाची मर्यादा हे सगळं त्याला गटाकडून मिळायला हवं. 'या एकाच एपीला जरा वेगळं करून ठेवू' असं दहा वेळा झालं, की अकराव्या वेळी काय कुठे वेगळं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाभोवती आहेत.

हाताशी काय काय लागेल

- इमारतींचे मजलावार नकाशे. बांधकामाचे नसतील तर अग्निशमनासाठी भिंतीवर लावलेला नकाशा चालतो, तोही नसेल तर हाताने काढलेला.
- प्रत्येक एपीचा मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक आणि मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातूनच आलेला वेगळा ओळख क्रमांक). डब्याच्या पाठीमागे स्टिकर असतो.
- स्विचची, म्हणजे एपींच्या केबल जिथे जोडल्या जातात त्या डब्यांची, यादी: पोर्ट किती, पीओई (केबलमधूनच एपीला वीज देण्याची सोय) आहे का, एकूण किती वॅटचं.
- इंटरनेट जोडणीचा करार आणि पुरवठादाराचा तक्रार क्रमांक.
- कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर), राउटर आणि स्विच यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड. जुन्या कंत्राटदाराकडून ते लेखी घ्या.
- केबल टेस्टर, लेबल छापायचं यंत्र किंवा चांगला मार्कर, शिडी आणि सोबत एक माणूस.
- फोनवर वायफाय अ‍ॅनलायझरचं एखादं अ‍ॅप. अँड्रॉइडवर अशी फुकट अ‍ॅप भरपूर आहेत. आयफोनवर ती तेवढी माहिती दाखवत नाहीत, म्हणून या कामाला अँड्रॉइड फोन घ्या.

१. यादी आणि नावं

कंट्रोलरमध्ये नवा एपी आला की त्याचं नाव म्हणून मॅक पत्ता दिसतो. तो तसाच राहू देऊ नका. इमारत, मजला, जागा आणि क्रमांक या क्रमाने नाव द्या: 'वसती-२-जिना-०१', 'ग्रंथ-०-वाचन-०३'. खोली क्रमांक नावात घालायचा मोह होतो, पण खोल्यांचे क्रमांक बदलतात. जिना, व्हरांडा, वाचनकक्ष बदलत नाहीत.

तेच नाव एपीच्या खाली चिकटवा आणि स्विचच्या टोकाला केबलवरही. कोणता डबा कोणता हे कळत नसेल तर जवळपास प्रत्येक कंट्रोलरमध्ये एपीचा दिवा लुकलुकवण्याची सोय असते. एकाने कंट्रोलरपुढे बसायचं, दुसऱ्याने फोन कानाला लावून व्हरांड्यात फिरायचं.

२. इमारत पाहणं, आणि तेही उन्हाळ्यात

सिग्नल कुठे किती येतो याची पाहणी नागपुरात दोनदा करावी लागते. डिसेंबरात सगळं छान दिसतं. मार्चअखेर खिडक्यांना कूलर बसतात आणि चित्र बदलतं. कूलरची पत्र्याची बॉडी सिग्नल परतवते आणि टाकीतलं पाणी तो शोषतं. आवारातल्या खांबावरच्या एपीचा सिग्नल खिडकीतून तळमजल्याच्या खोल्यांत पोचतो असं गृहीत धरून कुणी आराखडा केला असेल, तर एप्रिलमध्ये त्याच खोल्यांतून तक्रारी येणार. म्हणून खोल्यांचा सिग्नल आतल्या बाजूने, व्हरांड्यातूनच द्यायचा. बाहेरच्या एपीने फक्त मैदान आणि आवार सांभाळायचं.

उन्हाचाही विचार करा. आत लावायच्या बऱ्याच एपींच्या माहितीपत्रकात ४० किंवा ५० अंश सेल्सिअस इतकीच मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं. टिनाच्या छपराखाली किंवा गच्चीवरच्या बंद पेटीत ते कितीतरी जास्त असतं. नवतप्यात दुपारी दोन ते पाच या वेळात एखादा एपी रोज बंद पडत असेल आणि संध्याकाळी आपोआप सुरू होत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. शिडी लावून डब्याला हात लावून बघा. गच्चीवर बाहेरच्या वापरासाठीच बनवलेला एपी हवा, आणि त्याच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर व नीट अर्थिंग हवंच. अवकाळी पावसातल्या विजांमुळे एपीसोबत स्विचचा पोर्टही जातो.

पाहणी करताना फोनवर दिसणारा आकडा लिहून ठेवा. तो ऋण असतो: उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेला की नुसतं नाव दिसतं, काम होत नाही.

३. वायर आणि वीज

वायफायच्या तक्रारींचं मूळ बरेचदा वायरमध्ये सापडतं, म्हणून इथे घाई करू नका.

केबल शंभर टक्के तांब्याची घ्या. बाजारात 'सीसीए' नावाने मिळणारी स्वस्त केबल म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती डेटा नेते, पण त्याच केबलमधून एपीला वीजही द्यायची असते, आणि लांब अंतरावर ती कमी पडते. बर्डीवर किंवा इतवारीत केबल घेताना बिलावर 'शुद्ध तांबं' असं लिहून घ्या आणि टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. स्विचपासून एपीपर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत हवी, आणि ती केबलच्या मार्गाने मोजायची, सरळ रेषेत नाही.

पीओईचा हिशोब कागदावर करा. जुन्या 'एएफ' प्रकारात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, 'एटी' प्रकारात ३० वॅटपर्यंत. २४ पोर्टच्या पुष्कळ स्विचची एकूण क्षमता ३७० वॅट असते. म्हणजे चोवीसही पोर्टना १५.४ वॅट पुरतात, पण ३० वॅटचे एपी लावले तर हमी फक्त बारांचीच. स्विचला २४ भोकं आहेत म्हणून २४ नवे एपी लागतील असं समजून मागणी पाठवू नका. वीज कमी पडली की काही एपी बंद न पडता एखादा रेडिओ (सिग्नल पाठवणारा भाग) मिटून घेतात किंवा वेग कमी करतात. दिवा हिरवा दिसतो आणि दोष सापडत नाही. कंट्रोलरमध्ये एपीला नेमकी किती वीज मिळते ते दिसतं, एकदा सगळ्यांचं बघून घ्या.

स्विचला यूपीएस द्या आणि त्याची लाइन कूलर-मोटारींच्या लाइनपासून वेगळी ठेवा. वीज एक सेकंद जाऊन आली तरी सगळे एपी नव्याने सुरू होतात, आणि पुढची काही मिनिटं इमारतभर नेट नसतं.

खरेदीबद्दल एकच: वायरलेस उपकरण भारतात विकायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. बाहेरदेशातून कुणीतरी आणलेला स्वस्त एपी घेतला तर त्याचा देश-कोड वेगळा असतो, आणि कंट्रोलर त्याचे रेडिओ सुरूच करू देत नाही असं होऊ शकतं.

४. गट कागदावर पाडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कंट्रोलर उघडायच्या आधी.

नवखा माणूस इमारतीप्रमाणे किंवा मजल्याप्रमाणे गट करतो. दिसायला ते नीट दिसतं, पण त्यातून फायदा होत नाही. 'दुसरा मजला' आणि 'तिसरा मजला' यांची सगळी सेटिंग सारखीच असतील तर ते दोन गट नाहीत, तो एकच गट आहे. जागा कळण्यासाठी एपीचं नाव पुरेसं आहे. वेगळा गट करायचा तो या चारपैकी एखादं तरी उत्तर वेगळं असेल तेव्हाच:

- इथे नेटवर्कची कोणती नावं दिसायला हवीत?
- इथल्या लोकांना कोणत्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरींवर पाडलेल्या वेगळ्या आतल्या नेटवर्कमध्ये) टाकायचं?
- रेडिओची सेटिंग वेगळी हवीत का? माणसांची गर्दी, उंच छत, उघडं मैदान.
- वेळेचे किंवा वेगाचे नियम वेगळे आहेत का?

या प्रश्नांतून आमच्यासारख्या संस्थेत साधारण असे गट निघतात. वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा हा एक गट: विद्यार्थी आणि शिक्षक अशी दोन नेटवर्क. वसतिगृह हा दुसरा: फक्त निवासी नेटवर्क, रात्रीचे वेगळे नियम. कार्यालय: कर्मचारी आणि पाहुणे. सभागृह: विद्यार्थी, शिक्षक, पाहुणे, शिवाय गर्दीसाठी वेगळी रेडिओ सेटिंग. बाहेरचे एपी वेगळे. आणि शेवटचा, सर्वांत उपयोगाचा, चाचणी गट. त्यात तुमच्या टेबलाजवळचे एक-दोन एपी ठेवायचे. कोणताही बदल आधी तिथे.

गटाची हद्द कुठे येते ते नकाशावर पेन्सिलीने काढा. दोन शेजारच्या गटांत नेटवर्कचं नाव एकच पण व्हीलॅन वेगळे असतील, तर हद्द ओलांडणाऱ्या माणसाचा फोन आधीचाच आयपी पत्ता (नेटवर्कने दिलेला क्रमांक) धरून बसतो. नेट 'जोडलेलं' दिसतं आणि काहीच उघडत नाही. काही कंट्रोलर हे सांभाळून घेतात, सगळे नाही. म्हणून हद्द व्हरांड्याच्या मध्यात आणू नका. लोक जिथून फोनवर बोलत बोलत चालत जातात तिथे दोन्ही बाजूंना एकच गट, निदान एकच व्हीलॅन हवा. हद्द यावी ती उघड्या चौकात, फाटकापाशी, दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर. ग्रंथालय आणि वर्गखोल्या यांच्यामध्ये बंद पूल असेल तर त्या दोन्ही जागा एकाच गटात टाकणं शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट नेटवर्कच्या नावांची संख्या. प्रत्येक विभागप्रमुखाला आपलं वेगळं नाव हवं असतं. प्रत्येक एपी प्रत्येक नावाची घोषणा सेकंदाला साधारण दहा वेळा करतो, आणि जुन्या सेटिंगमध्ये ती सर्वांत कमी वेगाने, १ एमबीपीएसने होते. अशी एक घोषणा हवेत दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेते. एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारे पाच एपी आणि प्रत्येकावर सहा नावं असतील तर सेकंदाला तीनशे घोषणा झाल्या. म्हणजे कुणी एक पानही उघडलेलं नसताना अर्ध्याहून जास्त वेळ संपला. नावं तीनवर आणली आणि किमान वेग ६ एमबीपीएस केला की हाच खर्च सहा-सात टक्क्यांवर येतो. हा हिशोब कागदावर मांडून प्राचार्यांपुढे ठेवा. वेगळ्या नावाचा हट्ट बहुतेकदा तिथेच मिटतो.

५. व्हीलॅन आणि पत्ते

एपी स्वतः एका व्यवस्थापन व्हीलॅनमध्ये राहतो आणि प्रत्येक नेटवर्क आपापल्या व्हीलॅनमध्ये. स्विचच्या ज्या पोर्टला एपी जोडला आहे तिथे व्यवस्थापनाचा व्हीलॅन अनटॅग्ड (खुणेशिवाय) आणि बाकीचे टॅग्ड (व्हीलॅन क्रमांकाच्या खुणेसह) लागतात. दोन इमारतींना जोडणाऱ्या ट्रंकवरही ते सगळे उघडलेले हवेत. एका मधल्या स्विचवर एक व्हीलॅन राहून गेला, तर त्या इमारतीत नाव दिसतं, पासवर्ड चालतो, आणि फोनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजेच खरा पत्ता मिळतच नाही. असा पत्ता दिसला की एपीला दोष न देता थेट व्हीलॅन आणि डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) तपासायला घ्या.

पत्त्यांची संख्या मोजून घ्या. नेहमीच्या '/२४' आकाराच्या नेटवर्कमध्ये वापरता येतील असे २५४ पत्ते असतात. वसतिगृहात तीनशे मुली आणि प्रत्येकीचा फोन व लॅपटॉप धरला तर सहाशे झाले. तिथे '/२२' घ्या, त्यात १०२२ पत्ते आहेत. लीजची, म्हणजे एक पत्ता एका उपकरणाकडे राहण्याची, मुदत वसतिगृहात आठ-बारा तास ठीक. सभागृहात एक-दोन तासच ठेवा, नाहीतर सकाळच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांनी घेतलेले पत्ते संध्याकाळच्या लोकांना मिळत नाहीत.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी आपला खरा मॅक पत्ता लपवून बनवलेला पत्ता दाखवतात. त्यामुळे मॅक पत्त्यांची यादी करून प्रवेश द्यायची जुनी पद्धत आता भरवशाची राहिलेली नाही. कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकाचं वेगळं नाव-पासवर्ड असलेली रेडियस पद्धत लावा. तिला थोडी मेहनत पडते, पण एक माणूस नोकरी सोडून गेला म्हणून सगळ्यांचा पासवर्ड बदलत बसावं लागत नाही.

६. एपी कंट्रोलरला जोडणं

एपी आणि कंट्रोलर एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर एपी बहुधा स्वतःच कंट्रोलर शोधतो. वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर त्याला पत्ता सांगावा लागतो: डीएचसीपीच्या ४३ किंवा १३८ क्रमांकाच्या ऑप्शनमधून, किंवा कंपनीने ठरवलेल्या नावाची डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी) नोंद करून. ऑप्शन ४३ लिहायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, म्हणून ती त्याच कंपनीच्या पुस्तिकेतून उतरवा. दुसऱ्या कंपनीचं उदाहरण चालत नाही. मध्ये फायरवॉल असेल तर पोर्ट उघडायला लागतात. कॅपवॅप (एपी आणि कंट्रोलरच्या संवादाची एक पद्धत) वापरणाऱ्यांसाठी यूडीपी ५२४६ आणि ५२४७. युनिफायच्या एपींना टीसीपी ८०८० लागतो.

एपी जोडलाच जात नसेल तर सर्वांत आधी घड्याळ बघा. कंट्रोलरची तारीख चुकलेली असली की प्रमाणपत्र (यंत्रांची एकमेकांना पटवायची डिजिटल ओळख) बाद ठरतं आणि एपी दारातूनच परत जातो. कंट्रोलरवर देश भारत निवडलेला आहे ना तेही इथेच बघून घ्या.

गटाची सोय बहुतेक ठिकाणी आहे, पण प्रत्येक कंपनीच्या यंत्रात ती वेगळ्या जागी सापडते. अरुबा आणि सिस्कोच्या जुन्या कंट्रोलरमध्ये एपी ग्रुप असतो. सिस्कोच्या ९८०० मालिकेत तेच काम पॉलिसी, साइट आणि आरएफ असे तीन टॅग मिळून करतात. मायक्रोटिकमध्ये कॅप्समॅनच्या नियमांतून ते साधतं. रकसमध्ये झोनच्या आत गट असतात. चौथ्या पायरीचा कागद नीट झालेला असेल तर यातलं कोणतंही यंत्र समोर आलं तरी अडत नाही.

७. रेडिओची सेटिंग

२.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल वापरा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधले चॅनेल घेतले तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी भांडण होतं. तीनच चॅनेल आहेत म्हटल्यावर दाट बसवलेल्या एपींपैकी निम्म्यांचा २.४ चा रेडिओ बंद ठेवणं बरं. पण तो एपीवर जाऊन बंद करू नका. '२.४ बंद' अशी सेटिंग असलेला उपगट करा आणि ते एपी त्यात टाका. सहा महिन्यांनी हे का बंद आहे असं कुणी विचारलं तर गटाचं नावच उत्तर देईल.

खरं काम ५ गिगाहर्ट्झवर व्हायला हवं. भारतात २०१८ पासून या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला आहे, त्यामुळे चॅनेलांना तोटा नाही. रुंदी वर्गखोल्या आणि सभागृहात २० ठेवा, वसतिगृहात ४०. ८० ची रुंदी एकट्या एपीला वेगवान दिसते, पण वीस एपींमध्ये ती सगळ्यांचं नुकसान करते.

चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे एपीला सुरू होण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत थांबावं लागतं, आणि चालू असताना रडार ऐकू आलं तर तो चॅनेल सोडून ३० मिनिटं तिकडे परतता येत नाही. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला तुमची इमारत असेल तर पहिल्या महिन्यात कंट्रोलरच्या नोंदींत रडारचे उल्लेख शोधा. एकाच चॅनेलवर ते पुन्हा पुन्हा दिसले तर तेवढा चॅनेल गटाच्या यादीतून काढा, सगळे काढायची गरज नाही. परीक्षा कक्ष आणि कार्यालयासाठी मी ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ एवढेच ठेवते.

पॉवर पूर्ण ठेवली की वायफाय चांगलं चालतं हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. एपी मोठ्याने बोलतो, पण फोनचा आवाज लहानच असतो. फोनला एपी ऐकू येतो आणि एपीला फोन ऐकू येत नाही. शिवाय लांबच्या एपीचा सिग्नल बरा दिसतो म्हणून फोन जवळचा सोडून त्यालाच चिकटून राहतो. कोणत्या एपीला जोडायचं हे शेवटी फोनच ठरवतो, कंट्रोलर फक्त सुचवू शकतो. म्हणून ५ ची पॉवर मध्यम ठेवा आणि २.४ ची त्याहून साधारण ६ डीबी कमी. दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते, त्यामुळे हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आपोआप चॅनेल निवडायची सोय वापरायची असेल तर तिला मध्यरात्रीनंतरची वेळ द्या, आणि पॉवरची किमान-कमाल मर्यादा गटात बांधून ठेवा.

८. एपी गटात हलवणं

पुष्कळ कंट्रोलरमध्ये गट बदलला की एपी कंट्रोलरपासून तुटून पुन्हा जोडला जातो किंवा पूर्ण नव्याने सुरू होतो. त्या एपीवरची माणसं तेवढा वेळ तुटतात. म्हणून पंचवीसच्या पंचवीस एपी निवडून एकदम हलवू नका. आधी चाचणी गट, मग एक व्हरांडा, मग एक मजला. हलवल्यावर प्रत्येक नेटवर्कला स्वतःच्या फोनने जोडून बघा: पत्ता मिळाला का, पान उघडलं का, चालत पुढच्या एपीपर्यंत गेलं तर कॉल तुटला का.

दिवस निवडताना कॉलेजचं पंचांग बघा. विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा, परीक्षा अर्जाचे शेवटचे दिवस आणि प्रवेशाचा काळ यांत हात लावू नका. वसतिगृहाचं काम सुट्टीत नाही, मुली असताना आणि सकाळच्या वेळी करा. रिकाम्या इमारतीत सगळंच चालतं. माणसांची शरीरंही सिग्नल शोषतात, म्हणून सभागृहाची खरी परीक्षा ते भरलेलं असतानाच होते.

फर्मवेअरचं, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरचं, अद्यतन हा वेगळा दिवस. आधी कंट्रोलरचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर उतरवा, आणि नवी आवृत्ती तुमच्या सर्वांत जुन्या मॉडेलला चालते का ते वाचा. जुन्या मॉडेलांचा आधार काढून टाकला जातो, आणि अद्यतनानंतर ते एपी परत येतच नाहीत. गट बदलणं आणि फर्मवेअर बदलणं एकाच रात्री करू नका. काही बिघडलं तर कशामुळे, ते कळणार नाही.

९. पाहुणे आणि नोंदी

पाहुण्यांचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये, एकमेकांची उपकरणं दिसणार नाहीत असं, आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने उघडणारं ठेवा. भिंतीवर पासवर्ड चिकटवून ठेवलेलं नेटवर्क कुणी वापरलं हे पुढे सांगता येत नाही, आणि विचारणा झाली तर उत्तर संस्थेलाच द्यावं लागतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सांभाळायच्या आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची आहेत. तुमची संस्था कुठल्याही प्रकारची असो, एवढं करून ठेवाच. कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणाकडे होता हे डीएचसीपी, पोर्टल (ओटीपीचं पान) आणि राउटर या तिन्हींच्या नोंदी एकत्र ठेवल्या तरच जुळतं. घड्याळात पाच मिनिटांचा फरक असेल तर भलत्याच मुलीचं नाव पुढे येऊ शकतं. कंट्रोलरमध्ये या नोंदी थोडेच दिवस राहतात, त्यामुळे वेगळा सिसलॉग सर्व्हर (नोंदी साठवणारं यंत्र) लावा. जुना डेस्कटॉपही चालतो, डिस्क मात्र नवी घाला.

१०. तक्रार आली की

"मॅडम, नेट नाही चालून राहिलं" एवढ्यावर कंट्रोलर उघडू नका. चार गोष्टी विचारा: कुठे, किती वाजता, एकट्याला की शेजारच्यांनाही, आणि फोनवर आयपी पत्ता कोणता दिसतो. एकट्याचीच तक्रार असेल तर फोनवर ते नेटवर्क विसरून पुन्हा जोडायला सांगा. एका एपीखालच्या सगळ्यांची असेल तर केबल, पोर्ट आणि वीज. एका गटातल्या सगळ्यांची आणि बाकी गट ठीक असतील तर त्या गटात शेवटचा बदल काय झाला ते बघा. एका इमारतीतल्या सगळ्या गटांची असेल तर तो स्विच किंवा ट्रंक. सगळीकडचीच असेल तर राउटर, नाहीतर पुरवठादाराची लाइन. गट नीट पाडलेले असले की दोष कुठे शोधायचा हे पहिल्या दोन मिनिटांत ठरतं.

त्यासाठी प्रत्येक बदलाची नोंद हवी. साधी वही ठेवा: तारीख, गट, आधी काय होतं, आता काय केलं, कुणी सांगितलं. वहीच्या पहिल्या पानावर गटांचा तक्ता चिकटवा, त्यात गटाचं नाव, नेटवर्कची नावं, व्हीलॅन, चॅनेल आणि तो गट का केला याचं एक वाक्य. पासवर्ड वहीत लिहू नका. ते बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात ठेवा आणि बदलले की पाकीटही बदला. पुरवठादाराला फोन करायच्या आधी राउटरला थेट केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजा आणि वेळेसकट तो आकडा सांगा. नाहीतर 'तुमचं वायफाय तपासा' एवढंच उत्तर मिळतं.